लाम्पोनचा होकार

आमच्या गावची फिलिन्ना मागच्या हिवाळ्यात गेली, म्हणून आता हे सांगायला हरकत नाही. ती असेपर्यंत मी तोंड उघडलं नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की तोंड बंद ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

माझा नवरा लाम्पोन म्हणजे अख्ख्या आर्केडियातला सगळ्यात मोठा होयबा. आमच्या डोंगरात 'नाही' म्हणायला शब्द खर्चावा लागत नाही. हनुवटी वर करायची, भुवया चढवायच्या, जिभेने 'च्' करायचं, की झालं. पोरं बोलायच्या आधी हे शिकतात. लाम्पोनची मान मात्र कायम खाली जायची. कोणी गाढव मागितलं, मान खाली. तुमच्या ऑलिव्हखाली आमच्या शेळ्या बांधू का, मान खाली. "माझ्या हौसेखातर एकदा तरी मान वर कर रे," असं मी म्हणायची, आणि त्यावरही तो मान डोलवायचा.

झ्यूसच्या उत्सवाला मेंढा द्यायचं त्याने असंच कबूल केलं. पुजारी आर्खिप्पोसने विचारलं, याने मान डोलावली. आमच्याकडे मेंढा एकच, आणि उत्सवाला दोन दिवस उरले असताना तो दरीत पडून मेला. देवाला कबूल केलेलं दिलं नाही तर खापर आमच्यावर फुटणार. आम्ही कोणाला काही सांगितलं नाही.

उत्सवाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, दोन पाहुणे आले. त्या वेळी आमच्याकडे कोणी पावा वाजवत नाही, मोठ्याने हाकही मारत नाही, कारण भर दुपारी डोंगर आपला नसतो, देवांचा असतो. झाडांवर किडे किरकिरत होते ते एकदम थांबले. कुत्रा न भुंकता बाकाखाली शिरला. दारात रुंद टोपीवाला तरुण उभा होता आणि त्याच्यामागे एक उंच बाई. दोघं उंबरा ओलांडून आत आली, आणि त्यांच्या सावल्या जरा उशिराने आत आल्या.

मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण पाहुणा जेवल्याशिवाय त्याला नावगाव विचारायचं नाही, ही आमची रीत. ती मोडायची माझी छाती झाली नाही. तेव्हाच विचारलं असतं तर ती दोघं कदाचित तिथूनच परत गेली असती. आजही ते मला खातं.

मी जवाची भाकर, चीज, अंजिरं वाढली. दोघं खात होती आणि ताटातलं काही कमी होत नव्हतं.

"चार वर्षांपूर्वीचा बरा निघाला," तरुण बाईला म्हणाला. "पाणी पडतंय न पडतंय तोच मान घातली त्याने."

"मरणाला कोणी होकार देत नाही," बाई म्हणाली. "मी अजून तेच म्हणते."

"म्हण की. आणि दर वेळी हर." मग तो लाम्पोनकडे वळला. "काय यजमान, मेंढा दरीत पडला म्हणे. उद्या त्याची जागा तू घेशील?"

लाम्पोन चीज कापत होता. त्याने प्रश्न धड ऐकलाही नसेल. त्याची मान खाली गेली.

ती जातच राहिली. हातातली सुरी खाली पडली, कारण ती धरायला बोटं उरली नव्हती. मी त्याचा खांदा धरला तर हाताला लोकर लागली, ऊबदार, जरा तेलकट. बाकावर मेंढा बसला होता आणि लाम्पोनचे डोळे माझ्याकडे बघत होते.

"उद्या वेदीपाशी त्याने मान वर केली तर तो तुझा," बाई म्हणाली. "खाली घातली तर गावाचा."

"आणि कोणाला सांगत बसू नकोस," तरुण तोंड पुसत म्हणाला. "जमायचं नाही तुला."

तेव्हा मी त्यांना ओळखलं. वाटसरूंचा आणि चोरांचा देव हर्मीस, आणि लग्नं सांभाळणारी हेरा. माझ्या घरात बसून, माझी अंजिरं हातात घेऊन, माझ्या संसारावर पैज लावत होती. मला इतका संताप आला की भीती मागे पडली, पण तोवर दारात नुसतं ऊन होतं आणि किडे पुन्हा किरकिरायला लागले होते.

मग चार वर्षांपूर्वीचं आठवलं. त्या वर्षी फिलिन्नाचा नवरा सोस्त्रातोस उत्सवाच्या आदल्या दिवशी नाहीसा झाला. त्याला गलबतांचं वेड होतं, म्हणून समुद्रावर गेला असंच सगळे समजले. आणि त्याच दिवशी एक बेवारशी मेंढा आपल्या पायांनी वेदीपाशी येऊन उभा राहिला. झ्यूसनेच धाडला म्हणून गाव खूश. मांस सगळ्यांना पुरलं. मी बोटं चाटून खाल्लं होतं. फिलिन्नाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

मी धावत आर्खिप्पोसकडे गेले. "भाऊजी, आमच्या घरात जो मेंढा आहे ना, तो मेंढा नाही, तो," एवढं बोलले आणि पुढे माझ्या तोंडून बें निघालं.

"सर्दी झाली का वहिनी?"

मी पुन्हा सांगायला गेले. बें. तिसऱ्यांदा, बें.

"लाम्पोनने काल वाइनमध्ये पाणी घातलेलं दिसत नाही," तो म्हणाला आणि माझ्याबरोबर घरी आला. मेंढ्याच्या पाठीवर थाप मारून खूश झाला. "मला वाटलं एखादं म्हातारं जनावर गळ्यात मारेल. शब्दाचा पक्का आहे गडी. आहे कुठे?" तो दोरी बांधून मेंढ्याला घेऊन गेला, आणि लाम्पोन त्याच्यामागे मुकाट चालत गेला. अगदी त्याच्या सवयीप्रमाणे.

आमचा बळी जबरदस्तीचा नसतो. जनावराने स्वतः हो म्हणावं लागतं. त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडतात, पाणी कानात गेलं की ते मान खाली घालतं, आणि तोच होकार. सुरी टोपलीत जवाखाली लपवलेली असते. ती फिरली की आम्ही बायकांनी एकसुरात आरोळी द्यायची. लहानपणापासून मला हे फार पवित्र वाटत आलेलं.

सकाळी सगळं गाव वेदीभोवती जमलं. लाम्पोनच्या शिंगांना फुलांची माळ होती. पाण्याचा घडा फिलिन्नाच्या हातात होता. गर्दीच्या कडेला मला ती रुंद टोपी दिसली, आणि शेजारी ती उंच बाई. आर्खिप्पोसने मूठभर जव उधळले, घड्यात हात बुडवला आणि पाणी शिंपडलं.

लाम्पोनची मान खाली जायला लागली.

खरं सांगायला गेले की मला बें फुटत होतं, पण प्रश्न विचारायला कोणी बंदी केली नव्हती. मी बायकांमधून पुढे घुसले आणि मेंढ्याच्या डोळ्यांत बघत म्हटलं, "मी आर्खिप्पोसच्या घरी नांदायला जाऊ का?"

आर्खिप्पोसचा हात टोपलीतच राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "हिला ऊन लागलं." कोणी हसलं, मग तेही थांबलं, कारण मेंढ्याची मान अर्ध्यात थबकली होती. कानातून पाणी गळत होतं. हा माणूस 'जा' म्हणायलाही कमी करणार नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

मेंढ्याने हनुवटी वर केली. भुवया नव्हत्या, तरी कपाळाची लोकर वर चढली. आणि त्या शांततेत त्याने जिभेने 'च्' केलं.

गर्दी मागे कोसळली. वेदीपाशी लाम्पोन उभा होता, गळ्यात माळ आणि बाकी अंगावर काही नाही. मी माझी शाल त्याला गुंडाळली आणि सगळ्यांसमोर रडले. गर्दीच्या कडेला तरुणाने टोपी काढून बाईच्या हातात दिली. "बायकोने बोलायचं ठरलं नव्हतं," तो कुरकुरला. तिने ती घातली, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि मग तिथे फक्त उन्हात तापलेली भिंत होती.

झ्यूसने त्या वर्षी जवाच्या वड्यांवर भागवलं. लाम्पोनला 'नाही' म्हणता यायला लागलं. आठवड्यात दोनदा त्याने गाढव नाकारलं. मांस मात्र आमच्या घरात पुन्हा शिजलं नाही. वेदीच्या दगडाला सोस्त्रातोसचा वास होता, असं त्याने मला एकदाच सांगितलं.

मग फिलिन्ना आली. हात ओच्यात गुंडाळून दारातच उभी राहिली.

"लाम्पोन, तू देवांच्या तावडीतून परत आलास," ती म्हणाली. "म्हणजे माणूस परत येतो. माझा सोस्त्रातोसही येईल, नाही का रे?"

लाम्पोनने माझ्याकडे पाहिलं. त्याची हनुवटी जराशी हलली. मग त्याची मान हळूच खाली गेली.

त्यानंतर अकरा वर्षं ती रोज अंगण झाडून वाटेकडे तोंड करून बसायची, आणि बसून गाणं म्हणायची. त्या होकाराबद्दल मी नवऱ्याला कधी एक शब्द बोलले नाही.