गळ्यातली शरणम्मा

नांदेडच्या व्यसनमुक्ती केंद्रात नाव विचारलं, तेव्हा मंजुश्रीच्या तोंडून निघून गेलं, "शरणम्मा." शरणम्मा म्हणजे तिच्या नवऱ्याची, रुद्रेशची पहिली बायको. मरून सहा वर्षं झालेली. दुसरेपणाच्या बायकोनं मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे ती त्यात आहे असं मानून कोरलेला छोटा पत्रा, गळ्यात घालायचा, अशी रीतच. तो चांदीचा टाक चाचपतच ती बोलून गेली होती. मेलेलीची कोण चौकशी करतंय?

लपवणं तर भागच होतं. बाळंतपणात कंबर धरली म्हणून गोळ्या सुरू झाल्या, आता दिवसाला दहा लागायच्या. रुद्रेशचा चुलता दारू सोडून आला, तर शिरूर अनंतपाळात त्याला हार घातले. अन् बाईनं तेच केलं की ती घरबुडवी, तिच्याजवळ लेकरू ठेवायचं नाही! मंजुश्रीची सृष्टी दोन वर्षांची. म्हणून कंधारला आईला बघायला जाते सांगून ती दर शुक्रवारी पुढं नांदेड गाठायची.

तिसऱ्या शुक्रवारी कार्डं लिहिणाऱ्या बाईनं एक पिवळं पडलेलं कार्ड पुढं सरकवलं. "तुमचं जुनं कार्ड सापडलं की. तीनदा आलात, चौथ्यांदा आलाच न्हाईत."

शरणम्मा, शिरूर अनंतपाळ. नवरा रुद्रेश. कंबरदुखीच्या गोळ्या. तीन तारखा, चौथी जागा कोरी. शरणम्मा झोपेत गेली, एवढंच घरात सांगत. कशानं, ते कुणी सांगत नसे.

"सकाळी केंद्र उघडल्या उघडल्या कार्डावरच्या ह्या नंबरला फोन लावला," बाई म्हणाली. "म्हातारीनं उचलला. म्हणलं, शरणम्मा औषध घेऊन राहिली, दर शुक्रवारी पाठवत जा. तिनं फोन ठेवून दिला."

संपलं सगळं. परतीच्या बसमध्ये मंजुश्रीला सृष्टीशिवाय काही सुचेना.

सासू बसम्मा उंबऱ्यात बसली होती, मांडीवर सृष्टी झोपलेली. तिनं सुनेच्या तोंडाकडं बघितलंच नाही. ती टाकाकडं बघत होती.

"शरणम्माचा फोन आलता," ती हळूच म्हणाली. "बोलणारी दुसरीच होती. पण मागं ही शरणम्मा खोकली. हिचा खोकला मी वळखते."

सकाळी केंद्र उघडलं तेव्हा मंजुश्री तर अजून बसमध्येच होती.

"तवा चौथ्या बारीला मीच हिची पिशवी हिसकून घेतली. लोक काय म्हणतील म्हणून. महिन्यात गेली." बसम्माचे डोळे भरून आले. "येत्या शुक्रवारी हिला घेऊन जा. लेकराला मी बघते."

आत्याबाई, ती मीच हाय, असं मंजुश्रीच्या अगदी ओठावर आलं. पण बसम्मानं हात लांबवून तिला खाली बसवलं, टाक ओंजळीत धरला आणि त्याला म्हणाली, "जा बाई. ह्या बारीला मी आडवी येत न्हाई."