जेलच्या पानावरचा कैदी

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. वजन अडीच किलो, पाठ तुटलेली, पानं नऊशे. छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं होती. आता तिथे लोणच्याच्या बरणीचा गोल डाग आहे.

वर्तकनगरच्या त्र्यंबकरावांनी मला नोकरीच्या पहिल्या वर्षी घरी आणलं. तेव्हा रोज माझी विचारपूस व्हायची. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि अर्थ विचारायला कुणी येईना. मग त्र्यंबकरावांनी मला दुसरं काम दिलं. घरातला प्रत्येक कागद ते त्याच्या इंग्रजी शब्दाच्या पानात ठेवतात. एकदा एक पत्रिका 'मॅरेज'पाशी ठेवली. ती सुनेला सापडली तेव्हा त्या जोडप्याच्या बाळाचं बारसंही उरकलं होतं.

'जेल' हा शब्द माझ्या चारशे बाराव्या पानावर आहे. अर्थ: तुरुंग, कारागृह, बंदिशाळा. क्रियापद: तुरुंगात टाकणे. खाली उपयोगाचं वाक्य: 'त्याला दोन वर्षांसाठी जेलमध्ये पाठवण्यात आले.' हा 'तो' कोण, त्याने काय केलं, मलाही ठाऊक नाही. चाळीस वर्षं झाली, तो अजून आतच आहे.

परवा सकाळी नात क्षिप्राचा बारावीचा पेपर होता. साडेदहाला कळव्याच्या केंद्रावर हजर व्हायचं, आणि साडेनऊ वाजले तरी हॉल तिकीट सापडेना.

"आजोबा, तुमच्याकडे दिलेलं मी."

"दिलंस. मी ते व्यवस्थित ठेवलंय," त्र्यंबकराव म्हणाले. "कुठल्या शब्दाखाली, तेवढं आठवत नाही."

क्षिप्राच्या बाबांनी, केदारने, 'हॉल' उघडलं. काही नाही. 'तिकीट'पाशी मुदत संपलेला पास. 'एक्झाम'पाशी त्याचीच दहावीची गुणपत्रिका निघाली. त्याने ती पटकन मिटली.

"बघितली मी, बाबा," क्षिप्रा रडवेल्या आवाजात म्हणाली.

मला सगळं माहीत होतं. पोटात पन्नास हजार शब्द, आणि एकही बोलता येईना. मला घाम फुटायची सोय असती तर शाई पसरली असती. केदार मला उलटा धरून झटकायला लागला. माझी उरलीसुरली शिवण करकरली.

"अहो बाबा, थांबा. आजोबा, देताना मी काय बोललेले?"

"म्हणालीस, हे घ्या, तीन तासांची जेल."

"मग?"

"मग काय. तसंच ठेवलं असणार."

पान चारशे बारा. कॉलेजच्या शिक्क्यासकट तिकीट तिथेच होतं. केदार रिक्षासाठी धावला. साडेदहाला दोन मिनिटं असताना ती आत गेली, असं नंतर कळलं.

दुपारी क्षिप्रा परतली. पेपर बरा गेला होता. चप्पलही न काढता तिने मला उघडलं, 'जेल'च्या त्या वाक्याखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिला आणि जेवायला गेली. 'सुटला.'

मित्रांनो, पुस्तकांची पानं दुमडू नका. त्यांच्यावर बरण्या ठेवू नका. रद्दीत देण्याआधी एकदा तरी उघडून पाहा. पुस्तकात काही लिहू नये, हेही सांगणार होतो. पण ती पेन्सिल मात्र कुणी खोडू नका. बिचारा आत्ता कुठे बाहेर आलाय.