धुराड्यावरची जाळी

अण्णाप्पांना राग येतच नाही, असं कळंब्यात सगळे म्हणत. ते काही खरं नव्हतं. राग त्यांना भरपूर यायचा, फक्त ते तो गिळायचे आणि मग कधीतरी भलत्याच माणसावर काढायचे. यंदा मार्गशीर्षात तो पिराजीवर निघाला.

अण्णाप्पांचं मंगल कार्यालय कळंब्याच्या रस्त्याला. मागच्या अंगणात, उघड्यावर, वऱ्हाडाचं अंघोळीचं पाणी तापवायची लाकडाची भट्टी होती. खाली विटांचं बांधकाम, वर लोखंडी टाकी आणि कडेला पंचवीस फुटी धुराडं. सोलर बसवू म्हणून मुलगा केतन कितीदा मागे लागला. पण वऱ्हाड पहाटे उठतं आणि सूर्य आपल्या सवडीनं उगवतो, असं अण्णाप्पांचं म्हणणं. भट्टी बावीस वर्षं उचगावच्या पिराजीच्या हातात होती. पाणी कोमट आलं अशी तक्रार कधी आलीच नाही, त्यामुळे भट्टीला सांभाळावंही लागतं हे अण्णाप्पा विसरून गेले होते.

त्या दिवशी लग्न मोठं होतं. सहाच्या सुमाराला भट्टीचा धूर वर जायचा सोडून तोंडातूनच मागे फिरला आणि थेट बाथरूममध्ये घुसला. नवऱ्या मुलाचे मामा हंबीरराव तोंडाला साबण तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून बाहेर आले. डोळे लालभडक.

"अवो मालक, लगीन लावायला बोलावलंय का धुरी द्यायला? पानी गार ते गार, वर आनि ही कटकट."

"पाच मिन्टं, पावणं. लगेच बघतो," असं म्हणत अण्णाप्पा मागे गेले. त्यांच्यामागून बादल्या घेतलेलं निम्मं वऱ्हाडही गेलं. पिराजी भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसून सळईनं लाकडं सारत होता. खोकून खोकून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

"ओली लाकडं घातलीस काय रे?"

"वाळकीच हायती, अण्णा. वर जरा..."

"वर काय बघतोस? रात्री ढोसून पडला असशील, आनि आता डोळे चोळत जाळ घालतोयस."

पिराजीनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. हे अण्णाप्पांना पक्कं ठाऊक होतं, अगदी बोलत असतानाही ठाऊक होतं. पण तो शब्द हाताशी होता आणि लगेच उपयोगी पडला. वऱ्हाडाला गुन्हेगार सापडला. कुणीतरी हसलं, हंबीरराव म्हणाले, "मग बराबर हाय." पिराजीनं सळई भिंतीला टेकवली, नळाखाली हात धुतले आणि सायकल घेऊन निघून गेला.

चार दिवसांनी येईल आपोआप, असं अण्णाप्पांनी धरलं होतं. तो आला नाही. आपण जावं असं दोनदा त्यांच्या मनात आलं, दोन्ही वेळा मालकपणा आडवा आला. शेवटी आकाराम नावाचा नवा माणूस ठेवला, तर धूर होता तसाच.

मग सुरू झाली उस्तवार. वखारीतून दोन वर्षं वाळलेली बाभूळ आणली, धूर तसाच. राख कोरून काढली, धूर तसाच. शाहूपुरीतून एक मिस्त्री आला. खालून वारं कमी पडतंय असं सांगून त्यानं भट्टीच्या बुडाला मोठं भोक पाडलं. आता धूर दोन तोंडांनी बाहेर यायला लागला. सरतेशेवटी आकारामच कंटाळून म्हणाला, "मालक, वर चढून बगायला पायजे. पन चढायचं कसं?"

चढायचं कसं, हा प्रश्न अण्णाप्पांनी आधी एकदा ऐकला होता. धुराड्याला पूर्वी लोखंडी पायऱ्या होत्या. मागच्या वर्षी वऱ्हाडातलं एक पोर अर्ध्यापर्यंत चढलं, तेव्हा अण्णाप्पांनी दुसऱ्याच दिवशी ग्राइंडर आणून सगळ्या पायऱ्या कापून टाकल्या. पिराजी तेव्हा शेजारीच उभा होता. "अण्णा, मग वर कसं जायचं?" त्यानं विचारलं होतं. "वर काय ठेवलंयस तू?" असं अण्णाप्पा म्हणाले होते, आणि ग्राइंडरवाला खदाखदा हसला होता.

दोन शिड्या एकाला एक बांधून केतन वर गेला.

"अण्णा, जाळी पार बुजलीय. नुसती काजळी. तवा झालाय तिचा."

ती जाळी अण्णाप्पांचीच. आठ वर्षांपूर्वी साळुंकीचं पिल्लू धुराड्यात पडून जळालं, तेव्हा त्यांनी दोन दिवस उपास केला होता आणि स्वतः बाजारात जाऊन सगळ्यात बारीक जाळी निवडून आणून तोंडाला बसवली होती. समाजात त्याचं कौतुक झालं. पाहुण्यारावळ्यांना ते ती बोट करून दाखवत. बारीक जाळीत काजळी धरते, धूर कोंडतो, ती सारखी झाडावी लागते, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आनि इथं ब्रश अडकवलाय," केतन वरून म्हणाला.

तो घेऊन केतन खाली आला. काथ्याचा ब्रश होता, मुठीला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली. सात वर्षं पिराजी दर लग्नाआधी वर चढून जाळी झाडत होता आणि कुणाला सांगत नव्हता, कारण सांगण्यासारखं त्यात त्याला काही वाटत नव्हतं. जाळी खरवडल्यावर जाळानं एकदम जोर धरला आणि धूर सरळ वर गेला. अण्णाप्पा ब्रश हातात धरून उभे होते. त्यांना एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्याच दुपारी ते उचगावला गेले. बयाबाईनं, पिराजीच्या बायकोनं, पाणी दिलं, पण बसा म्हणायला जरा वेळ लावला. पिराजी भिंतीला टेकून बसला होता.

"पिराजी, चूक माझी हाय," अण्णाप्पा म्हणाले. "जाळी बुजलेली. पायऱ्या मीच कापल्या. तू सांगायला लागलास, मी बोलू दिलं न्हाई. आनि ते दारूचं बोललो, ते तर मला ठावं असून बोललो."

"जाऊ द्या की."

"मग कामाला ये. पायऱ्या उद्याच बसवून घेतो."

"कामाचं न्हाई वो काय," पिराजी म्हणाला. "ते वऱ्हाड गडहिंग्लजचं हुतं. आमची वर्षाराणी तितंच दिलीया. ऐकल्यालं तिच्या गल्लीपतुर गेलं. तिनं फोन केलता. आबा, तुमी प्यायला लागलाय व्हय, म्हणली. म्या न्हाई म्हणलं. ती बरं म्हणली. पन तिनं इचारलं, अण्णा."

अण्णाप्पांना खाली बघवेना आणि वरही बघवेना. ते म्हणाले, "फोन लाव तिला. मी बोलतो. सगळं सांगतो."

बयाबाईनं फोन लावून स्पीकर चालू केला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. अण्णाप्पांनी काही म्हणता काही राखलं नाही. जाळी, काजळी, पायऱ्या, स्वतःचं खोटं बोलणं, सगळं सांगितलं. वर्षाराणीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"अण्णा, तुमी देवमाणूस," ती म्हणाली. "पाखरासाटनं जाळी लावणारं माणूस तुमी. आबांचं झाकणार न्हाई तर काय करणार? तुमी त्यास्नी परत कामाला घ्याय लागलाय, आमाला तेवढंच लई झालं."

"अगं बाळ, झाकत न्हाई. खरंच सांगतोय."

"व्हय वो अण्णा, कळतंय मला." तिचा आवाज बारीक झाला. "फकस्त एवढं इचारून सांगा, आता सोडलीया न्हवं त्यांनी? मला लई घोर लागलाय. जेवण जाईना."

अण्णाप्पांनी पिराजीकडे बघितलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. ते पुन्हा समजावायला, या वेळी जरा मोठ्यानं, तोंड उघडणार तेवढ्यात पिराजीनं हात वर करून त्यांना थांबवलं, फोन उचलला आणि तोंडाजवळ नेला.

"व्हय बाळ," तो म्हणाला. "सोडली. तू जेव."