खंडेनवमीला पुजलेला राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते कुसगावात, आदिनाथच्या घरी. आदिनाथने रस्त्याकडेच्या तीन खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायला काढल्या होत्या. दारात पाऊल पडतं न पडतं तोच पाहुणा विचारायचा, "वायफायचा पासवर्ड काय?" पाणी नंतर मागायचा. चार वर्षं मी इमानेइतबारे राबलो आणि माझा थाटही काही औरच होता.

मग माझ्याच कंपनीचा, पण चार अँटेनांचा नवा राउटर आला. त्याला पुढच्या खोलीत मानाची जागा मिळाली आणि मला तुटक्या चार्जरांसोबत पत्र्याचा डबा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण याचे नऊशे झाले तरी मला कुणी विचारलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मला बाहेर काढलं ते सविताने, आदिनाथच्या बायकोने. तिचं माहेर आंदर मावळातलं. कॉलेजचा अभ्यास तिने टेकाडावर बसून केलेला, कारण गावात रेंज तेवढ्याच जागी यायची. पुण्याच्या एका कंपनीत घरबसल्या ग्राहकांच्या अडचणी सोडवायचं काम निघालं होतं. खंडेनवमीला दुपारी बारा वाजता व्हिडिओवर तिची मुलाखत ठरली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि असं बोलावणं हे पहिलंच. ते हुकलं तर दुसरं येईल याचा भरवसा नव्हता.

पण मुलाखत द्यायची कुठे? पुढे पाहुण्यांचा गोंगाट. शांत जागा एकच, मागची जुनी खोली. तिच्या दगडी भिंती हातभर जाड. नव्या राउटरची सगळी मिजास तिथे उतरायची, आणि मोबाइलही मुका व्हायचा.

त्या पोरीने काय केलं म्हणता? पुढच्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत वळचणीखालून स्वतः केबल ओढली. मग माझी सेटिंग उघडून बसली. घरातल्या प्रत्येक मोबाइलला, लॅपटॉपला पत्ता देण्याचं काम राउटर करतो. घरात दोन राउटर असले तर ते एकानेच करायचं. पंगतीत दोघे जण पाहुण्यांना बसवू लागले तर एकाच पाटावर दोन माणसं आदळतात, तसं होतं. म्हणून तिने माझं पत्ते वाटणं बंद केलं, मला नव्याहून वेगळा पत्ता दिला आणि खोलीतल्या फडताळावर ठेवलं. माझ्याकडे धाकटेपण आलं खरं, पण तिच्या लॅपटॉपवर चित्र इतकं स्वच्छ उमटलं की मी ते आनंदाने पत्करलं. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. वाचत गेली, चुकत गेली आणि जमवलं. मी तर तिच्यावर बेहद्द खूश झालो.

खंडेनवमी उजाडली. सविताची सासू लीलाबाई मागच्या खोलीत हत्यारं मांडू लागली. कोयता, विळा, खुरपं, आदिनाथचे पाने, सगळं धुऊनपुसून. मग तिने मलाही फडताळावरून उतरवून त्या रांगेत ठेवलं. लागलेला दिवा मालवून पूजा करू नये, म्हणून माझी वायर काही काढली नाही. ओल्या फडक्याने अंग पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात माझ्या पाठीवरचं एक बारीक छिद्र तिला दिसलं. हत्यारात मळ राहता कामा नये. तिने खराट्याची काडी घेतली, आत खुपसली आणि दाबून कोरत राहिली.

मित्रांनो, ते छिद्र राउटरला सगळं विसरायला लावण्यासाठी असतं. मीही विसरलो. नव्याचाच पत्ता अंगावर मिरवत पूर्वीच्या ऐटीत पुन्हा पत्ते वाटू लागलो. घरभर नेट ठप्प झालं. पुढून पाहुण्यांच्या हाका सुरू झाल्या. बारा वाजायला बावीस मिनिटं होती.

सविता धावत आली. मोबाइलवर वायफायच्या यादीत माझं कारखान्यातलं नाव झळकत होतं. ते बघताच तिला उमगलं.

"आत्या, ह्याला कुणी हात लावलता का?"

"मीच गं. त्या बारक्या भोकात लय धूळ व्हती, काडीनं काढली. काय बिघाडलं का?"

सविताचा चेहरा उतरला. ओठांवर काहीतरी कडू आलं होतं, मला ते दिसत होतं. मग तिची नजर झेंडूच्या रांगेवर गेली.

"पर हत्यारांत का मांडलं ह्याला?"

"का म्हंजी? तुजं हत्यार हाय न्हवं त्ये?"

"अजून काम कुटं मिळालंय, आत्या?"

"मिळंल की. हत्याराची पूजा आदी, काम मागनं."

सविताने डोळे पुसले आणि फतकल मारून बसली. आधी माझी केबल उपसली, तसं पुढचं नेट सुरू झालं. मग एकेक सेटिंग पुन्हा भरली. एकही पायरी चुकली नाही. बाराला दोन मिनिटं कमी असताना तिने केबल परत खोचली. लीलाबाईने मला दोन्ही हातांनी उचलून फडताळावर ठेवलं. पडद्यावर एक बाई दिसल्या.

"सविताताई, आवाज येतोय?"

"हो मॅडम, अगदी स्पष्ट."

नोकरीचं पत्र आठवड्याभराने आलं. मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. जुनं यंत्र डब्यात टाकण्याआधी ते दुसऱ्या खोलीत उपयोगी पडेल का बघा. आणि पूजा जरूर करा, पण ज्याचं हत्यार त्याला विचारून.

बाकी मानाचं म्हणाल, तर तो मला त्याच दुपारी मिळाला. मुलाखत चालू होती आणि शेजारची शालूबाई झेंडूची फुलं मागायला मोठ्याने हाका मारत आली. लीलाबाई उंबऱ्यात राखण करत बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, शालूबाई. माजी सून कामावर हाय."