चालू घड्याळ उघडायचं नाही

माझ्या टेबलाशी आलेल्याने पिशवी उलटी करायची, हा माझा नियम. मी दवाखान्यातली फार्मासिस्ट. डॉक्टरांनी कुणाला नवं औषध लिहून दिलं की तो माणूस आधी माझ्या खोलीत येतो, घरातली झाडून सगळी औषधं घेऊन. लोक लाजतात, मला मात्र ती पिशवी कधी उलटी होते असं होतं. नसत्या चौकशा करायची खोड मला लहानपणापासूनची. आई म्हणायची, हिला पाहुण्यांसमोर बसवू नका. त्याच खोडीचा पुढे पगार मिळेल, असं तिला काही वाटलं नसणार.

त्या सकाळी एक घड्याळजी आले, सोबत त्यांची लेक. उजवा हात डाव्या हाताने धरून बसले होते, कारण सोडला की तो थरथरायचा. बाहीचं बटण सुटलं होतं, ते लेकीने लावून दिलं. तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले. डॉक्टरांना कंपवाताची शंका होती आणि त्याचीच गोळी त्यांनी लिहिली होती. लेक म्हणाली, दुकानाला गिऱ्हाईक मिळालंय, महिनाअखेर किल्ली द्यायची. आता हातात स्क्रू धरवत नाही म्हटल्यावर दुकान ठेवून तरी करायचं काय?

 काका माझ्या मनगटाकडे बघत म्हणाले, "ताई, घड्याळ मागं पडतंय तुमचं."

ते मला ठाऊक होतं. घड्याळ आईचं, मी रोज सकाळी काटे पुढे करते. दुरुस्तीला टाकू का, असं मी विचारलं.

"चालतंय ना? मग राहू दे. चालू घड्याळ उघडायचं नाही. आमच्या धंद्यातला पहिला धडा तो. उघडलं आणि बंद पडलं, तर आळ आपल्यावर."

मग पिशवी उलटी झाली. रक्तदाबाची गोळी होती, हाडांसाठीची होती, गुडघ्याचं मलम होतं. आणि चक्करेच्या गोळ्यांची एक पट्टी होती, अर्धी संपलेली. मी विचारलं, चक्कर येते का? मुळीच नाही, म्हणाले. मग ही गोळी कशाला?

"घेतो म्हणून तर येत नाही."

लेकीने वडिलांकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या खिशातून भलतंच काही निघालं होतं. थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. बऱ्याच दिवसांपूर्वी कान बिघडून गरगरायला लागलं होतं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी आठवडाभरासाठी गोळी दिली आणि चक्कर थांबली. आता घड्याळजीच तो, चालू झालेल्या गोष्टीला कशाला हात लावेल? रिकामी पट्टी दाखवायची, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणायची. आमच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, आणखी काही आजार? हे प्रामाणिकपणे नाही म्हणाले, कारण चक्कर तर गेलेली होती. मला हसावं की डोकं धरावं कळेना.

पण तोवर माझं कुतूहल जागं झालं होतं. आधी काय आलं, चक्कर की थरथर? काकांना तारखा आठवत नव्हत्या, घड्याळं आठवत होती. चिमट्यातून पहिला स्क्रू निसटला तो एका भल्या थोरल्या भिंतीवरच्या घड्याळाचा, आणि ते काम चक्कर थांबल्यावर बऱ्याच महिन्यांनी आलेलं. त्याआधी हात कसा होता, असं विचारलं तर म्हणाले, "दगड."

ही गोळी फार काळ घेतली तर म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरू शकतात. सगळ्यांचेच नाही, पण काहींचे. म्हणजे इथे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार असू शकत होता. तरी ती बंद करा असं मी माझ्या तोंडाने म्हटलं नाही. दोघांना बसवलं आणि पट्टी घेऊन डॉक्टरांकडे गेले.

पट्टी पाहून डॉक्टर स्वतःवरच चरफडले. काकांना आत घेऊन पुन्हा तपासलं. नवी गोळी आत्ता नको म्हणाले, आधी ही बंद करून बघू. हात सुधारायला काही महिने लागतील. मुळात कंपवातच असेल तर मात्र सुधारणार नाही.

लेक म्हणाली, गिऱ्हाईक इतकं थांबणार नाही.  काका आपल्या हाताकडे बघत होते.

"त्याला नाही म्हणून सांग," ते शेवटी म्हणाले.

तेव्हा मी मनातून घाबरले. माझ्या एका चौकशीपायी हातचं गिऱ्हाईक गेलं आणि हातही गेला तर? त्या काळात मी मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या दुकानावरून जायची. काचेतून दिसायचं, काका बसलेले, पुढ्यात एकही घड्याळ नाही. पुढच्या तपासणीला फारसा फरक नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी लेक म्हणाली, आता चहा सांडत नाही. चहा म्हणजे काही स्क्रू नव्हे, असं काका पुटपुटले.

मग एके दुपारी ते एकटेच आले. पिशवीऐवजी हातात कापडाची छोटी गुंडाळी होती. डाव्या-उजव्या दोन्ही बाह्या वर सारून म्हणाले, "घड्याळ काढा."

"चालू आहे काका."

"म्हणूनच."

डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझ्या टेबलावर आईचं घड्याळ उघडलं. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात उचलला आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या झाकणीत नेऊन ठेवला.  स्क्रू हलला नाही. बिघाड काय आहे, असं मी विचारलं. बिघाड काहीच नाही, म्हणाले, फक्त जुनं तेल सुकून चिकटलंय, इतक्या वर्षांत कुणी आत बघितलंच नाही.

एरवी मी दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी एकही सुचला नाही. काकांनी जुनं तेल पुसून नवं घातलं, घड्याळ बंद करून माझ्यापुढे सरकवलं, भिंग खिशात टाकलं, बाह्या खाली घेतल्या आणि दोन्ही बटणं आपली आपण लावली.