रांगेतलं शेवटचं बटण

बाबांना न्यायला दादाची गाडी अकराला येणार होती. साडेदहापर्यंत त्यांची बॅग मी तीनदा भरली, तीनदा उपसली.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली. मान हलवायचे, पण हो-नाहीची गल्लत व्हायची. डाव्या हाताचं बोट तेवढं नीट चालायचं. मी पडले प्रोग्रामर. त्यांच्या टॅबसाठी रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटंसं ॲप केलं. एका आडव्या रांगेत पाच बटणं: हो, पाणी, दुखतंय, बाथरूम, नको. दाबलं की टॅब तो शब्द मोठ्याने बोलणार. चार दिवसांपूर्वी त्यांना दिसावं म्हणून अक्षरं दुप्पट केली, माझ्या ऐसपैस मॉनिटरवर बघितली, झकास दिसली, टॅबवर चढवली आणि मोकळी झाले.

तेव्हापासून बाबा सगळ्यालाच हो म्हणत होते. सूप? हो. अजून? हो. खिडकी लावू? हो. काल दादाने फोनवर विचारलं, “बाबा, माझ्याकडे येता राहायला?” टॅब म्हणाला, हो. माझं डोकंच फिरलं. सात महिने अंघोळ, औषधं, रात्रीची जागरणं मी करतेय, आणि हे एका फोनवर निघाले!

पावणेअकराला धुसफुसतच सूप घेऊन गेले. बाबांचं बोट टॅबच्या उजव्या कडेवर, काच संपते तिथे टकटक करत होतं. इतके दिवस मी समोर बसून नुसतं ऐकत होते. आज त्यांच्या बाजूला जाऊन वाकले.

चारच बटणं. अक्षरांबरोबर बटणंही रुंदावली होती, आणि आडवी रांग आपणहून खालच्या ओळीत दुमडत नाही, जागा संपली तरी तशीच पुढे जाते. ‘नको’ पडद्याबाहेर गेलं होतं. ते सापडेना म्हणून बाबा शेवटी ‘हो’ दाबत होते. कोड तपासताना एका अर्धविरामासाठी माझा जीव खाणाऱ्या कंपायलरने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. म्हणजे कालचं ‘हो’सुद्धा खरं नसणार!

लॅपटॉप ओढला. दुमडणारी रांग घातली, ‘नको’ उचलून ‘हो’च्या शेजारी आणलं. नवं ॲप तयार करणारं बिल्ड संपता संपेना. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते तोवर दादा वर आलाच.

“झालं का गं?”

“थांब रे जरा! चार दिवस ‘नको’चं बटणच दिसत नव्हतं, बाबांना नीट विचारू दे.”

नवं ॲप टॅबवर चढवलं, एका हातात सुपाची वाटी घेतली आणि दुसऱ्याने टॅब त्यांच्यापुढे धरला. “बाबा, सूप?”

“नको.”

“खिडकी लावू?”

“नको.”

दादा हसायला लागला. “चार दिवस छळलंस की त्यांना!”

“बाबा, दादाकडे जायचंय?”

बोट दोन्ही बटणांवरून फिरलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“हो.”

“का पण?” मी जवळजवळ ओरडलेच. “मी दमलेय म्हणून?”

“हो.”

“नाही हो बाबा, कुठे दमलेय” असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडली ती लांबलचक जांभई. दादाने माझ्या हातातली सुपाची वाटी काढून घेतली.