पिठावरची रेघ

खट् करून सोंगटी कॅरमच्या काठावर आपटली, तेवढाच काय तो आवाज. ओसरीवर दोघं सख्खे भाऊ समोरासमोर बसले होते. महिनाभरात एकमेकांशी शब्दही बोलले नव्हते.

उद्या घराची वाटणी. सगळं ठरलं होतं, अंगणातला आड कुणाच्या हिश्श्यात जायचा तेवढं अडलं होतं. वडलांनी हैदराबादहून आणलेल्या या कॅरमवर लहानपणी भांडणं मिटायची, तर आडाचंही त्यावरच मिटवू, जिंकेल त्याचा आड, असं थोरल्या भावानं, कारभारीनं निरोप पाठवून कळवलं होतं.

धाकट्या भुजंगची बायको दुर्गाबाई दाराआड उभी होती, पदर नाकापर्यंत ओढून. सातवा महिना चालू होता. आड गेला तर ओढ्यावरून घागरी वाहायच्या, हे तिच्या कमरेला आत्ताच कळत होतं. तिची पाच वर्षांची लेक उषा कॅरमजवळ बसून ज्वारीच्या पिठाची चिमूट टाकत होती, सोंगट्या सरकाव्यात म्हणून.

शेवटी दोघांची एकेक सोंगटी उरली. भुजंगचा नेम चुकला. पण कारभारीची पांढरी सोंगटीही भोकापासून लांबच होती.

"पाणी लागलं तर या बरं आमच्या दारी," चुलीपाशी बसलेली दुर्गाबाईची थोरली जाऊ द्वारकाबाई म्हणाली. "घोटभर देऊ की. इतके काही वाईट न्हाई आम्ही."

भुजंगनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. तेवढ्यात कारभारीच्या करंगळीनं पांढरी सोंगटी भोकाच्या तोंडाशी नेली, आणि पिठावर उमटलेली रेघ तळहातानं पुसली. मग त्यानं सावकाश नेम धरला. सोंगटी आत गेली.

"ही इथं नव्हती," भुजंग म्हणाला.

"तुझं ध्यान कुठं होतं, ते पहाय."

भुजंग दाराकडं वळला. "तू बराबर समोर हैस. सांग, काय पाह्यलं?"

"सांग की बाई," द्वारकाबाई म्हणाली. "भासऱ्याम्होरं तोंड उघडायचं तेवढंच राह्यलंय."

सहा वर्षांत या ओसरीवर थोरल्या दिरासमोर दुर्गाबाईचा आवाज कधी निघाला नव्हता. कारभारी तिच्याकडं बघतही नव्हता, इतका तो निर्धास्त होता. पदराआड तिचे ओठ हलले. उषा मायच्या तोंडाकडं बघत राहिली.

"न्हाई पाह्यलं तिनं काही," असं म्हणून कारभारी सोंगट्या डब्यात भरू लागला.

भुजंग उठला, बायकोकडं न बघता बाहेर निघून गेला.

दुर्गाबाईनं लेकीला आत ओढून घेतलं आणि पदरानं तिचे पिठाचे हात पुसू लागली. उषा हळूच म्हणाली, "माय, काकानं बोटानं सरकवली. तू बी पाह्यली ना? मंग बाबाला सांगितलं का न्हाई?"